नव्या बंगल्यात ऑटोमेशन हवं, पण भिंतीवर पॅनेल, स्क्रीन दिसायला नकोत. काय करावं?

प्लास्टर होण्याआधीच केएनएक्सची (घरातली उपकरणं एकमेकांना जोडणारं ऑटोमेशनचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) वायर्ड सिस्टीम टाकून घ्या. मी इलेक्ट्रिकल डिझाइनचंच काम करतो. यात दिवे-पडद्यांचे रिले (चालू-बंद करणारे) आणि डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारे) डीबीत, म्हणजे वीज वितरणाच्या पेटीत, लपतात. भिंतीवर उरतात साधी बटणं, ज्यांना सुमारे 30 व्होल्ट डीसीची बारीक बस केबल (वीज आणि संदेश दोन्ही नेणारी) पुरते. प्रत्येक उपकरणात स्वतःचा प्रोग्रॅम असतो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी बटण दाबल्यावर दिवा लागतोच. डीबीसाठी मोठी, हवेशीर जागा आर्किटेक्टकडून आत्ताच मागा. आणि काम संपल्यावर ईटीएस (केएनएक्स प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट फाइल ताब्यात घ्याच, नाहीतर पुढे प्रत्येक बदलासाठी सिस्टीम बसवणाऱ्या त्याच माणसावर अवलंबून राहाल. प्लास्टर आधीच झालं असेल तर मात्र भिंती फोडू नका. स्विचमागे बसणारी वायरलेस मॉड्यूल घ्या, फक्त स्विचबोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आहे का हे वायरमनकडून तपासून.