१० बाय १०च्या खोलीत खंडाळ्याचा घाट बसेल का?

प्रश्न असा आहे: मॉडेल रेल्वेचा पहिलाच लेआउट, एचओ स्केल, १० बाय १०ची मोकळी खोली आणि डोक्यात खंडाळ्याचा घाट. जमेल का?

घाट नाही बसणार. घाटाच्या पायथ्याचं कर्जत स्टेशन बसेल, आणि खरी मजा तिथेच आहे असं माझं मत.

आधी हिशोब करू. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७वा भाग. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, भागिले ८७ म्हणजे सव्वातीनशे मीटर रूळ. बरं, अंतरात काटछाट सगळेच करतात, ते चालून जातं. चढाचं तसं नाही. घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर निदान ८ सेंटिमीटर उंची हवी. ८ गुणिले ३७, म्हणजे जवळजवळ तीन मीटर नुसतं चढत राहायचं. तुमची अख्खी भिंत त्यातच गेली! शिवाय वळणावर ओढ वाढते. माझं इंजिन पाच डब्यांसह वळणावर जागच्या जागी चाकं फिरवत बसायचं.

दिवाळीत किल्ले केलेल्या माणसाला डोंगराचा मोह सुटत नाही, म्हणून मी दीड वर्ष त्यात घातलं. शेवटी हौसेने स्प्रे पेंट मारला आणि खंडाळ्याचा डोंगर डोळ्यांदेखत विरघळून खाली बसला. थर्माकोलवर पाण्यात मिसळणारा रंगच लावायचा असतो, हे तेव्हा कळलं.

आता तीन भिंतींना लागून यू आकारात फळ्या आहेत. मधल्या भिंतीवर कर्जत. डावीकडे चित्राच्या पडद्यामागे ‘मुंबई’, उजवीकडे बोगद्यापलीकडे ‘घाट’. दोन्हीकडे गाड्या नुसत्या लपून उभ्या राहतात. लांब डबा एचओमध्ये २७ सेंटिमीटर भरतो, त्यामुळे इंजिन आणि चार डबे म्हणजे सव्वा मीटरच्या थोडं वर. फलाट तेवढाच. कोपऱ्यातलं वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या आत आणू नका, डबे एकमेकांना घासतात. (एचओमध्ये दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजला खरं तर १९.३ हवा. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या.)

गाडी गोल गोल फिरवत ठेवलीत तर पंधरा दिवसांत कंटाळाल. गाडीला काम हवं. कर्जतला ते आयतं मिळतं: पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारं जादा इंजिन, सायडिंगमधून (बाजूच्या रुळावरून) बाहेर येतो, सांधा बदलतो, मागून हळूच डब्याला टेकतो, मग दोघं मिळून बोगद्यात शिरतात. थोड्या वेळाने बँकर एकटा रिकामा खाली येतो. एवढ्याला माझी सात-आठ मिनिटं जातात, आणि तोवर मुंबईहून पुढची गाडी आलेली असते.

यासाठी डीसीसी (डिजिटल कंट्रोल) घ्या, म्हणजे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. पण दोघांचा वेग जुळवावाच लागतो. बँकर जरा जास्त जोरात असला की वळणावर मधले डबे उचलून बाहेर फेकतो. एक मीटर अंतर घड्याळ लावून मोजायचं आणि डिकोडरमधले (इंजिनातल्या चिपमधले) सीव्ही २, ५ आणि ६, म्हणजे वेगाची सेटिंग्ज, बदलत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय.

वायरिंगबद्दल एकच सांगतो. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार सोल्डर करा, दोन तुकडे जोडणाऱ्या जोडपट्टीच्या भरवशावर राहू नका. आपल्या पावसाळ्यात त्या काळवंडतात आणि गाडी नेमकी पाहुण्यांसमोर अडते.

खडी विकत आणायची गरज नाही. बांधकामावरची बारीक कच चहाच्या गाळणीने चाळा, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. त्याआधी मात्र कागदावर पसरून त्यात चुंबक फिरवा. आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकी कण असतात. माझ्या पहिल्या वाटीतून चुंबकाला चांगली मिशी फुटली होती! ते कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटले की इंजिन बसलंच.

पुण्यात असाल तर लाकूड कापण्याआधी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या. तेही एचओच आहे. आणि खोलीचं दार कुठे उघडतं ते कळवा. चौथ्या भिंतीत नसेल तर यू आकार जमणार नाही, दुसरा नकाशा काढावा लागेल.