मिडवेस्टमध्ये शरद ऋतू कोरडा जाणार असा अंदाज आहे, मग सोयाबीनचा भाव वाढेल का?

तुम्ही लातूरहून विचारलंय की अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा-इलिनॉय भागात, सप्टेंबर ते नोव्हेंबर उबदार आणि कोरडे जातील असं वाचलं, म्हणजे तिकडचं सोयाबीन कमी येणार, मग आपण माल थांबवावा का? मी राहुरीला कृषी शिकले आणि सध्या मध्य आयोवातल्या एका सहकारी धान्य एलिव्हेटरवर (शेतकऱ्यांचं धान्य घेऊन साठवणारं केंद्र) आवकेचं काम बघते. माझं स्पष्ट मत आहे, एवढ्या एका अंदाजावर माल अडवू नका.

इथे सोयाबीन मुख्यतः मे महिन्यात पेरतात. दाणा भरतो ऑगस्टमध्ये, आणि उतारा ठरतो तोही ऑगस्टच्या पावसावर. सप्टेंबरअखेर पानं पिवळी पडून गळाली की मग पाऊस आला काय आणि नाही आला काय, दाण्याला त्याचा उपयोग नसतो. तुम्हाला काढणीच्या वेळी परतीचा पाऊस जसा नकोसा होतो, तसाच तो इथेही होतो. कोरडं ऊन पडलं की हार्वेस्टर रात्री उशिरापर्यंत चालतात, आमच्या काट्यावर ट्रकची रांग लागते आणि माल एकदम बाजारात येतो. म्हणजे कोरड्या अंदाजाने भाव चढण्यापेक्षा काढणीच्या काळात दबण्याचीच शक्यता जास्त.

नुकसान होतं, पण ते वेगळ्या वाटेने. इथे सोयाबीन १३ टक्के ओलाव्यावर घेतात. त्याहून ओलं आलं तर कपात, पण त्याहून वाळलेलं आलं तर जादा काही मिळत नाही. गरम वारा सुटला की सकाळी १३ टक्क्यांवर असलेलं शेत दुपारी ९ वर येतं. १३ टक्क्यांवर जे १००० बुशेल (सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो) भरलं असतं ते ९ टक्क्यांवर सुमारे ९५६ बुशेलच भरतं. वजन केलं तर जवळपास बारा क्विंटल हवेत गेले. शिवाय शेंगा तडकतात आणि दाणे कापणीच्या पात्याशीच जमिनीवर सांडतात. हार्वेस्टरच्या मागे एक चौरस फूट जागेत चार दाणे सापडले की एकरी एक बुशेल गेलं असं शेतकरी धरतात, आणि खरंच वाकून मोजतात. वाळलेल्या धसकटाला आग लागण्याची भीती वेगळीच. म्हणून अशा दिवसांत बांधावर डिस्क हॅरो जोडलेला ट्रॅक्टर तयार उभा ठेवतात, म्हणजे आगीपुढची पट्टी पटकन नांगरून तिला अडवता येते.

तुमच्या भावाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे नदी. इथलं बरंच सोयाबीन बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू नौका) मिसिसिपी नदीने खाली मेक्सिकोच्या आखातावरच्या बंदरांना जातं. सेंट लुईस शहराच्या वर धरणं आणि लॉक (नौका वर-खाली नेणारे दरवाजे) आहेत, तिथे पाणी धरून ठेवता येतं. खाली नदी मोकळी वाहते. तिथे पाणी उतरलं की बार्ज अर्धवट भरावे लागतात आणि भाडं भडकतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेम्फिसला नदीची पातळी तोवरच्या नोंदींतली सर्वांत खाली गेली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याही खाली. अशा वेळी बंदरावरचा भाव टिकतो, पण आतल्या भागातल्या शेतकऱ्याच्या हातात कमी पडतं. शिकागोच्या वायदे बाजाराचा आकडा बघताना हे लक्षात असू द्या, कारण तिथल्या वायद्यात नदीकाठची ही तूट पूर्ण दिसत नाही.

शरद ऋतूत इथे खरी धास्ती ओल्या आणि थंड हवामानाची असते, तीही मक्यासाठी. सप्टेंबरच्या उबेत मका दिवसाला पाऊण ते एक टक्का वाळतो, ऑक्टोबरअखेर तोच वेग एक तृतीयांशावर येतो. २०१९ मध्ये वसंतातल्या पावसाने पेरण्या लांबल्या, पुढे शरदातही ओल हटेना, मका ओलाच निघाला आणि ड्रायरला लागणारा प्रोपेन गॅस आयोवा-मिनेसोटात मिळेनासा झाला होता.

आता तुम्ही वाचलेला अंदाज ज्या नकाशावरून येतो, त्याबद्दल. अमेरिकेचं क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी तीन महिन्यांचा अंदाज काढतं. १९९१ ते २०२० या वर्षांचे कोरडी, मधली आणि ओली असे तीन सारखे भाग पाडलेले असतात. नकाशावर आयोवा तपकिरी रंगात '४० टक्के कोरडा' दिसला, तर त्याचा अर्थ साधारण ४० टक्के कोरडा, ३३ टक्के मधला आणि २७ टक्के ओला. म्हणजे कोरडा न जाण्याचीच शक्यता ६० टक्के! बातमीत मात्र 'दुष्काळाचं सावट' असं छापून येतं, याचा मला मनापासून राग येतो. एल निनो, ला निना यांचा जोरही या भागात शरदापेक्षा हिवाळ्यात जास्त जाणवतो. इथले शेतकरी हा नकाशा बघतात, पण कापणी कुठल्या शेतापासून सुरू करायची हे ८ ते १४ दिवसांच्या अंदाजावर आणि ओलावा मोजून ठरवतात.

कोरड्या शरदाचा पिकावर परिणाम झालाच, तर तो पुढच्या वर्षीच्या पिकावर होतो. काढणीनंतर जमीन गोठेपर्यंत जो पाऊस पडतो तो खोलवर मुरतो. गोठलेल्या जमिनीवरच्या बर्फाचं पाणी बरंचसं वाहून जातं. त्यामुळे नोव्हेंबरअखेर ड्रॉट मॉनिटरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या दुष्काळाच्या, नकाशात आयोवा लाल दिसला, तर ती गोष्ट पुढच्या उन्हाळ्यासाठी लिहून ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भावाचा अंदाज घ्यायचा असेल तर ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्याकडे बघा. सोयाबीनमध्ये ब्राझील आता अमेरिकेच्या पुढे आहे. तिथली पेरणी मुख्यतः याच दिवसांत होते, आणि तिथला पाऊस लांबला तर शिकागोचा बाजार हलतो. आणि माल ठेवायचाच ठरवलात, तर १२ टक्क्यांच्या खाली वाळवूनच थप्पी लावा. हमीभावाच्या खरेदीलाही १२ ची अट असते, आणि ओला माल थांबवला तर भाव वाढूनही हातात बुरशी लागलेला दाणा येईल.