फोन वाजतो, पण घेता येत नाही

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच अडचणीची आहेत. स्मार्टफोन लॉक असताना कोणाचा फोन आला, तर तो घेताना गोंधळ उडतो, आणि तो आवरेपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवून देतो. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिला प्रश्न सर्वांत व्यापक असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझी आई देवगड तालुक्यात आमच्या कलमांच्या बागेतील घरी एकटी राहते. गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो, तेव्हा तिचा बटणांचा जुना फोन बदलून तिला अँड्रॉइड स्मार्टफोन घेऊन दिला. आम्ही तेथे असताना तिने फोन घेण्याचा सराव केला आणि तिला तो चांगला जमला. परतल्यापासून मात्र आम्ही केलेला फोन बहुतेक वेळा नुसता वाजत राहतो. विचारले तर म्हणते, “वाजता तर हा, पण घेवक गावना नाय.” शेजारचा मुलगा सांगतो की, ती आधी कडेचे बटण दाबून फोन उघडायला जाते. फोनचे लॉकच काढून टाकावे काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लॉक काढू नका, कारण अडचण लॉकची नाही. आलेला फोन घेण्यासाठी पिन, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा यांपैकी काहीही लागत नाही. फोन कुलूपबंद असला तरी कॉलचा पडदा त्या कुलपाच्या वर येतो आणि बोलणे संपले की फोन आपोआप पुन्हा लॉकच्या पडद्यावर परत जातो. आईंना ही एकच गोष्ट नीट पटली, तर पिन टाकण्याची धडपड थांबेल.

शेजारच्या मुलाने जे पाहिले आहे, त्यातच अडचणीचे अर्धे मूळ आहे. फोन वाजत असताना कडेचे बटण एकदा दाबले की बहुतेक फोनवर घंटा गप्प होते. कॉल तुटलेला नसतो, पलीकडच्या माणसाला रिंग ऐकू येतच असते. पण आवाज थांबल्यावर ‘फोन कटला’ असे कोणालाही वाटेल, आणि आपण खाली ठेवलेला तो फोन अजून चालू आहे, हे सहसा लक्षात येत नाही. आयफोनवर तर तेच बटण लागोपाठ दोनदा दाबले की कॉल नाकारला जातो. तेव्हा फोन वाजत असताना कडेच्या बटणाला हातच लावायचा नाही, एवढा नियम आधी ठरवून टाकावा.

मूळाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही घेतलेल्या सरावात आहे. शिकवताना फोन उघडा असतो. उघड्या फोनवर कॉल आला की वरच्या बाजूला एक लहान पट्टी येते, तिच्यात फोन घेण्याचे आणि नाकारण्याचे अशी दोन बटणे असतात आणि त्यांना नुसता स्पर्श पुरतो. प्रत्यक्षात फोन येतो तेव्हा तो फळीवर किंवा देवघराशेजारी लॉक होऊन पडलेला असतो, आणि तेव्हा दिसतो तो संपूर्ण पडदाभर पसरलेला वेगळाच देखावा. त्यावरील हिरव्या गोलाला कितीही टोचले तरी बऱ्याच फोनवर काही होत नाही, कारण तेथे बोट टेकवून, न उचलता, सरकवावे लागते. आयफोनवर ते उजवीकडे सरकवायचे असते, सॅमसंगवर हिरवा गोल धरून बाहेरच्या दिशेने ओढायचा असतो, आणि गूगलचे फोन अ‍ॅप असलेल्या पुष्कळ अँड्रॉइड फोनांवर वर्षानुवर्षे तो वरच्या दिशेने सरकवावा लागत आला आहे. म्हणजे आईंनी जो धडा गिरवला तो एका पडद्याचा, आणि परीक्षा होते ती दुसऱ्याच पडद्यावर. यात त्यांच्या वयाचा काही दोष नाही. हा दोष शिकवणाऱ्यांचा आणि त्याहून अधिक फोन बनवणाऱ्यांचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशी रचना करण्यामागे कारण नाही असे नाही. लॉक असलेला फोन बहुधा खिशात, पिशवीत किंवा कमरेच्या ओच्यात असतो, आणि तेथे कापडाआडून झालेल्या ओझरत्या स्पर्शाने कॉल उचलला जाऊ नये म्हणून स्पर्शाऐवजी सरकवण्याची अट घातली गेली. हातात धरलेल्या उघड्या फोनला ती भीती नसते, म्हणून तेथे साधे बटण ठेवले जाते. कारण समजण्यासारखे आहे. पण एकाच कामासाठी दोन रीती ठेवल्यामुळे बटणांच्या फोनवर वाढलेल्या माणसाची जी कुचंबणा होते, तिचा विचार रचनाकारांनी फारसा केलेला दिसत नाही.

आता उपाय. आईंच्या फोनमध्ये गूगलचे फोन अ‍ॅप असेल, तर ते अद्ययावत करून त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘इनकमिंग कॉल जेस्चर’ हा पर्याय शोधा. 2025 मध्ये आलेल्या या सोयीमुळे आडवे सरकवणे किंवा ‘सिंगल टॅप’, म्हणजे केवळ एक स्पर्श, यांपैकी एक रीत निवडता येते. ‘सिंगल टॅप’ निवडलात, तर लॉक असतानाही त्यांना त्यांच्या जुन्या सवयीप्रमाणे हिरव्यावर बोट ठेवता येईल. फोन सॅमसंगचा असेल, तर फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘आन्सरिंग अँड एंडिंग कॉल्स’ या मथळ्याखाली आवाज वाढवण्याचे बटण दाबून कॉल घेण्याची सोय आहे, आणि आमच्या मते वयस्कर माणसांसाठी तीच सर्वांत उत्तम. हाताला जाणवणारे खरेखुरे बटण असते, चष्मा शोधावा लागत नाही. तेथेच फोन करणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचून दाखवण्याचीही सोय आहे. आयफोनवर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधील ‘टच’ आणि त्यातील ‘कॉल ऑडिओ राउटिंग’ येथे कॉल काही सेकंदांनी आपोआप उचलला जाण्याची व्यवस्था करता येते. मात्र तसे केल्यास अनोळखी माणसाचा कॉलसुद्धा उचलला जाऊन घरातील बोलणे त्याच्या कानी पडेल, याचा विचार आधी करावा.

पुढच्या खेपेला गावी जाल, तेव्हा सराव असा घ्या. आईंचा फोन लॉक करून तो जेथे नेहमी असतो तेथेच ठेवा, तुम्ही ओटीवर जाऊन बसा आणि तेथून त्यांना फोन लावा. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत येतील आणि फोन घेतील, तेव्हाच तो जमला असे समजावे. तुम्ही शेजारी बसून, पडद्यावर बोट दाखवत घेतलेला सराव उपयोगाचा नाही.

लॉक का ठेवायचे, तेही सांगतो. त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात आणि बहुधा पैसे पाठवण्याचे अ‍ॅपही असते. बागेत किंवा एसटीत विसरलेला उघडा फोन कोणाच्या हाती लागेल, ते सांगता येत नाही.

प्रश्न : मी हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेते आणि ती दापोलीला नेऊन विकते. लिलावाच्या वेळी नेमके गिऱ्हाइकांचे फोन येतात. हात ओले असतात. हिरवे चिन्ह कितीही सरकवले तरी मध्येच अडकते आणि मागे जाते. फोन बिघडला आहे काय?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : फोन बिघडलेला नाही. त्याच्या काचेखाली वीजवाहक तारांची अतिशय बारीक, डोळ्यांना न दिसणारी जाळी असते आणि बोट जवळ आल्यावर तेथील विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल टिपून बोट कोठे आहे हे फोन ठरवतो. माणसाचे शरीर वीजवाहक असल्यामुळे हे शक्य होते. खारे पाणीही वीजवाहकच, आणि गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक. त्यामुळे काचेवर त्याचा थर पसरला की बोट कोठे संपले आणि पाणी कोठे सुरू झाले, हे फोनला उमगत नाही. नुसता स्पर्श क्षणाचा असल्याने तो कधीतरी लागू पडतो, पण सरकवताना बोटाचा माग सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड मिळावा लागतो. तो मध्ये तुटला की फोनच्या हिशेबी बोट उचलले गेले आणि चिन्ह आपल्या जागी परत येते. माशाचा बुळबुळीतपणा आणि चिकटलेले खवले यांची त्यात भर पडते.

केवळ बोट पुसून भागत नाही, काचही पुसावी लागते, आणि तीही कोरड्या सुती फडक्याने. पदर आधीच भिजलेला असतो. तरीही ऐन बोली सुरू असताना फडके शोधत बसणे जमणार नाही, म्हणून पडद्याला हातच लावावा लागू नये अशी सोय करावी. वर सांगितलेले आवाजाचे बटण ओल्या हातानेही दाबले जाते. ती सोय आपल्या फोनवर नसेल, तर एका कानात घालायचे ब्लूटूथ यंत्र घ्यावे. त्यावरील बटण दाबले की लॉक असतानाही कॉल उचलला जातो. वायरचा इअरफोनही हेच काम करतो. पण खाऱ्या पाण्याने भिजलेल्या भोकात त्याची पिन खुपसू नका, आत गंज धरतो, आणि चार्जिंगचे भोक तेच असेल तर मग चार्जिंगही बंद पडते.

पावसाळ्यात गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी पुष्कळजण वापरतात. प्लॅस्टिक पातळ असेल आणि काचेला घट्ट चिकटलेले असेल, तर तिच्यातून कॉल घेता येतो. आत हवेचा फुगा राहिला किंवा बाहेरून पाणी साचले, तर पुन्हा तीच अडचण. एक गोष्ट आणखी पाहावी. फोनच्या वरच्या कडेजवळ, कानाशी फोन नेल्यावर पडदा काळा करणारा सेन्सर असतो. पिशवीची जाड शिवण किंवा चिकटलेला खवला त्याच्यावर आला, की बोलणे सुरू झाल्यावर पडदा काळाच राहतो आणि फोन बंद करायला लाल चिन्हही दिसत नाही.

प्रश्न : माझे यजमान व्यापारी जहाजावर आहेत. जहाजावर इंटरनेट मिळाले की ते त्यावरूनच फोन करतात, पण माझा फोन लॉक असला तर तो वाजतच नाही. नंतर उघडून पाहिल्यावर कॉल हुकल्याचे कळते. साधे कॉल मात्र व्यवस्थित येतात.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : साधा कॉल फोनचे स्वतःचे अ‍ॅप दाखवते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपला मात्र लॉकच्या पडद्यावर येण्यासाठी परवानगी असावी लागते. रेडमी आणि शाओमीच्या फोनांवर त्या अ‍ॅपच्या माहितीत ‘अदर परमिशन्स’मध्ये ‘शो ऑन लॉक स्क्रीन’ चालू आहे ना, ते पाहा. अँड्रॉइड 14 पासून पूर्ण पडदाभर सूचना दाखवण्याची परवानगीही वेगळी देता किंवा काढून घेता येते. ती ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’मध्ये सापडते. त्याशिवाय बॅटरी वाचवण्यासाठी फोन जी अ‍ॅप निजवून ठेवतो, त्यांच्या यादीतून हे अ‍ॅप वगळावे.

याहून वेगळे एक कारण आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हमखास घडते. वीज जाते, फोनची बॅटरी संपते, वीज आल्यावर फोन चार्जिंगला लावून चालू केला जातो आणि पिन न टाकताच बाजूला ठेवला जातो. चालू केल्यानंतर एकदा तरी पिन टाकेपर्यंत फोनमधील साठा कुलूपबंदच राहतो. अशा वेळी साधा कॉल वाजतो, पण नावाऐवजी नुसता क्रमांक दिसतो, आणि इंटरनेटवरचा कॉल तर पोचतच नाही. तेव्हा फोन चालू केला की लगेच एकदा उघडून ठेवावा.

प्रश्न : जत्रेत दशावतार रंगात आला असताना माझा फोन वाजला. तो बंद करण्याच्या गडबडीत उचलला गेला. न उचलता नुसता गप्प कसा करावा?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : खिशातून न काढता आवाज कमी करण्याचे बटण दाबा. घंटा थांबते, पडद्याला हात लागत नाही आणि फोन करणाऱ्याला आपण मुद्दाम टाळले असे वाटत नाही, कारण त्याला रिंग ऐकू येत राहते. आवाज वाढवण्याच्या बटणावर कॉल घेण्याची सोय चालू केली असेल, तर मात्र दोन्ही बटणे अंधारात नीट चाचपून पाहावीत. राजा दरबारात आलेला असताना खिशातून “हॅलो” ऐकू येणे बरे नव्हे.

प्रश्न : मी परड्यात असले की शेजारच्या वहिनी माझा फोन घेतात. त्यांना माझे मेसेज दिसत असतील काय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : कॉल घेतला म्हणून फोन उघडत नाही. त्यांना फोन करणाऱ्याचे नाव दिसते आणि बोलता येते, तेवढेच. त्यापलीकडे काही पाहायचे झाले तर फोन पिन मागतो. लॉकच्या पडद्यावर मेसेजचा मजकूर उमटत असेल, तर तो मात्र कोणीही वाचू शकतो, आणि त्यासाठी कॉल येण्याचीही गरज नसते. सेटिंग्जमध्ये लॉकच्या पडद्यावरील सूचनांचा मजकूर लपवण्याची सोय आहे, ती करून घ्यावी.

वहिनींना एक गोष्ट दाखवून ठेवा. लॉकच्या पडद्यावरील ‘इमर्जन्सी’ या शब्दाला स्पर्श केला की पिनशिवाय 112 लावता येतो, आणि तुम्ही आपत्कालीन माहिती भरून ठेवली असेल, तर तुमचा रक्तगट आणि निवडलेल्या नातलगांचे क्रमांकही तेथेच मिळतात व तेथूनच लावता येतात. ही नावे निवडताना सगळी मुंबई-पुण्याची टाकू नका. निदान एक तरी क्रमांक वाडीतील, हाकेसरशी येऊ शकणाऱ्या माणसाचा असावा.