कोल, कोलो आणि आपलं चाक

प्रश्न असा होता: तुर्कीत 'कोल' म्हणजे हात, सर्बियात 'कोलो' म्हणजे फेर धरून करायचा नाच आणि फिनिशमध्ये 'कोलो' म्हणजे झाडातली ढोली. या तिन्ही शब्दांचं मूळ एकच आहे का?

नाही. तीन भाषाकुळं, तीन वेगळे शब्द. पण यातला एक आपल्या घरचा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

स्लाव्ह म्हणजे सर्बियन, पोलिश, रशियन, चेक या भाषांची शाखा. तिच्यातल्या 'कोलो'चा मूळ अर्थ चाक. पोलिशमध्ये आजही तोच आहे. रशियनमध्ये त्याचं 'कोलेसो' झालं. सर्बियनमध्ये चाकावरून वर्तुळ आणि वर्तुळावरून फेराचा नाच असा अर्थ सरकला. या नाचाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. मूळ इंडो-युरोपीय धातूचा अर्थ 'फिरणे'. त्यातला आरंभीचा ध्वनी स्लाव्ह शाखेत 'ओ'पुढे 'क' राहिला, तर संस्कृतात मूळच्या 'ए'पुढे त्याचा 'च' झाला: चरति, चक्र, आणि त्यावरून आपलं चाक. ग्रीक 'किक्लॉस'ही याच धातूचा, आणि त्यातूनच इंग्रजीमार्गे आपल्याकडे 'सायकल' आली. चेक लोक सायकललाही 'कोलो'च म्हणतात! म्हणजे चाक, सायकल आणि कोलो ही सख्खी भावंडं. मला या शब्दाचा हा प्रवास फार आवडतो.

फिनिश 'कोलो' म्हणजे ढोली, खोबण, पोकळी. तो उरालिक कुळातला आहे. स्लाव्ह शब्दाशी साम्य निव्वळ योगायोगाचं. फिनिश भाषेने स्लाव्हांकडून शब्द घेतलेत, त्यामुळे शंका रास्तच होती. पण चाकाला फिनिश लोकांचा स्वतःचा शब्द आहे, 'प्युओरॅ', आणि सायकललाही ते तोच वापरतात. शब्द वेगळा, अर्थाची वाट मात्र चेकसारखीच.

तुर्कीत स्वराकडे नीट लक्ष द्यावं लागतं. 'कोल' म्हणजे हात, बाही, नदीचा फाटा. त्याच्यासारखाच ऐकू येणारा तळ्याचा शब्द निराळा: तुर्कीच्या नात्यातल्या किरगीझमध्ये 'क्योल', तुर्कीत 'ग्योल'. ओठ गोल करून 'ए' म्हटलं की हा स्वर साधतो. किरगिझस्तानातल्या 'इसिक-कुल' सरोवराच्या रशियन वळणाने लिहिलेल्या नावातला 'कुल' हाच, त्या नावाचा अर्थ 'उबदार सरोवर'.

तुर्की मालिकांत पोलीस चौकीला 'काराकोल' म्हणतात. 'कारा' म्हणजे काळा, म्हणून 'काळा हात' अशी फोड करावीशी वाटते, पण ती चूक. तो मंगोल-तुर्की 'कारागुल', म्हणजे पहारेकरी. रशियनमधला 'करौल' त्याचाच, आणि मुघल फौजेत आघाडीवर टेहळणी करणारे 'करावल'ही.