परिचारिकांचे प्रश्न : नाईट, ओव्हर आणि ओरडा

प्रश्न : आमच्या खासगी रुग्णालयात ताण घालवायला योगवर्ग सुरू केलाय, तोही नाईट संपल्यावर सकाळी ८ वाजता. रात्री वॉर्डात मी आणि एक मावशी, पेशंट २२. सगळे म्हणतात, मन खंबीर कर. मीच कमी पडतेय का?

उत्तर : नाही. २२ पेशंटांना एक सिस्टर असेल तर दुखणं मनाचं नाही, ड्यूटी लिस्टचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये अशा थकव्याची (बर्नआउट) व्याख्या करताना बोट कामाच्या जागेकडेच दाखवलं. परिचर्येवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं तपासली होती (२००२). सिस्टरमागे एकेक पेशंट वाढला की ती पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती आणि शस्त्रक्रिया झालेला पेशंट महिनाभरात दगावण्याची ७ टक्क्यांनी. मॅनेजमेंटपुढे दुसरा आकडा ठेवा. पहिल्याने कुणाला पाझर फुटत नाही. योग चांगलाच, पण झोप झाल्यावर.

प्रश्न : इनचार्ज राउंडमध्ये सगळ्यांदेखत झापतात. म्हणून औषधाची वेळ चुकली तरी आम्ही लिहीत नाही. रजिस्टर कोरं, वरचे खूश.

उत्तर : कोऱ्या रजिस्टरचीच मला भीती वाटते. संशोधक एमी एडमंडसन यांना १९९६ च्या अभ्यासात दिसलं की, ज्या वॉर्डांत नेतृत्व चांगलं तिथेच चुकांच्या नोंदी जास्त. तिथे सांगायची भीती नव्हती. चूक दडवून घरी गेलेल्या मुलीला झोप लागत नाही, ते वेगळंच. तिघी-चौघी मिळून मेट्रनना भेटा. नोंदीत काय घडलं ते येऊ दे, कुणाचं नाव नको, एवढंच मागा.

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. पदं रिकामी, भरती माझ्या हातात नाही. मग मी करणार काय?

उत्तर : भरती नाही, पण ड्यूटी लिस्ट तुमचीच ना? ती महिना सुरू होण्याआधी लावा. नाईटनंतरचा ऑफ मोडू नका. संध्याकाळची ड्यूटी करून रात्री उशिरा घरी पोचलेलीला लगेच सकाळची लावू नका. कुणाला सण, कुणाला लागोपाठ नाईट, हे लाडक्या-दोडक्यावर ठरतं असं मुलींना वाटू लागलं की वॉर्ड आतून फाटतो, कामाच्या ओझ्यापेक्षाही लवकर. ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं, पेशंटच्या खाटेशी करा. उणीदुणी तिथे नकोत. नव्या मुलीला पहिली नाईट एकटीने नको. डबा उघडला की तेवढा वेळ तिचे पेशंट दुसरीने बघायचे, हा नियम स्वतःपासून सुरू करा. एवढ्याने रिकामी पदं भरणार नाहीत, म्हणून अधिसेविकांना (मेट्रनना) दर महिन्याला पत्र द्या, जावक क्रमांकासह.

प्रश्न : नातेवाइकाने कानाखाली मारली. ऑफिस म्हणतं, मिटवून टाका.

उत्तर : मिटवू नका. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. तुम्हाला एकटीला ठाण्यात धाडू नये, रुग्णालयाचं माणूस सोबत हवं. तो पेशंट घरी जाईपर्यंत दुसऱ्या वॉर्डात ड्यूटी मागा. तोंडी नको, लेखी.