कमी बनल्या म्हणून महाग?

प्रश्न: जुन्या सुपरकारपैकी (म्हणजे अतिवेगवान, महागड्या स्पोर्ट्स कारपैकी) जॅग्वार एक्सजे२२० जेमतेम २८० च्या आसपास बनल्या आणि फेरारी एफ४० तर १३०० च्या वर, मग एफ४० कितीतरी पट महाग कशी? दुर्मिळ तर जॅग्वार आहे ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आकडे बरोबर आहेत तुमचे, पण कमी बनली ती का, सगळी गोम तिथेच आहे. जॅग्वारने १९८८ ला बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये दाखवलेल्या गाडीला व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन होतं, पॉवर चारही चाकांना, लोक असे खुळावले की पुढे ५०-५० हजार पाउंड डिपॉझिट भरून मोकळे झाले. १९९२ ला गाडी हातात यायला लागली तर सहाच सिलिंडरचं व्ही६ ट्विन टर्बो (दोन टर्बोचार्जरवालं) इंजिन, पॉवर फक्त मागच्या चाकांना आणि किंमत चढत चढत ४ लाख ७० हजार पाउंड! त्यात ब्रिटनमध्ये मंदी, मग काय, बुकिंगवाले मागे हटले, काही जण कोर्टात गेले, आणि ३५० गाड्यांचा बेत पुरा न होताच गुंडाळला. म्हणजे ही गाडी कमी आहे कारण गिऱ्हाईक पळालं. (गाडी वाईट होती असं मात्र अजिबात नाही हं, रेसिंग ड्रायव्हर मार्टिन ब्रंडलने इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर ताशी ३४० किमीच्या वर पळवलीय तिला.)

एफ४० चं नेमकं उलटं. ४०० च बनवायच्या ठरल्या होत्या पण मागणी थांबेचना. शिवाय कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारींनी स्वतः हिरवा कंदील दाखवलेली ही शेवटची गाडी, १९८८ मध्ये ते गेले, त्यामुळे तिच्याभोवती जे वलय आहे ते वेगळंच. आज चांगली एफ४० घ्यायची तर २० लाख डॉलरच्या खाली नाव काढू नका.

प्रश्न: म्हणजे लोकांनी नाकारलेली गाडी कायम स्वस्तच राहणार?
– एक वाचक, दुबई

उत्तर: नाही हो. फेरारी ५९९ जीटीबी बघा, २००६ ची. तेव्हा सगळ्यांना स्टेअरिंगमागच्या पॅडलवाला गिअरबॉक्स हवा होता, हाताने गिअर टाकायची मॅन्युअल गाडी घेतली फक्त ३० च्या आसपास लोकांनी. पुढे फेरारीने मॅन्युअल देणंच बंद केलं आणि आता त्याच गाड्यांना पॅडलवालीच्या कितीतरी पट भाव आहे. एक्सजे२२० चा भावही मधल्या काळात पार कोसळला होता तो आता बराच सावरलाय, मला विचाराल तर तो अजून चढायला जागा आहे. फक्त मेंटेनन्सचा खर्च आधी विचारून घ्या, इंधनाची टाकी बदलायलासुद्धा इंजिन बाहेर काढावं लागतं.

प्रश्न: अशी जुनी सुपरकार भारतात आणून विकली तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ३ वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी आपल्याकडे साध्या आयातीत येतच नाही, वर स्टेअरिंगही उजवीकडेच लागतं, आणि एफ४० तर डावीकडचीच. तेव्हा हा धंदा डोक्यातून काढा.