सूचना साध्या मराठीत लिहा
तुम्ही लिहिलेली पहिली सूचना मी लक्षपूर्वक वाचली. 'तांत्रिक अपरिहार्यतेस्तव जलवितरण तात्पुरते स्थगित करण्यात येत आहे' या वाक्याने वरिष्ठांवर कदाचित छाप पडेल, परंतु फलकासमोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आजींना उद्या नळाला पाणी येणार नाही एवढेही त्यातून कळणार नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे कारभार मराठीत आला, तो अशा मराठीसाठी नव्हे. 'दिनांक', 'अर्जदार', 'जावक क्रमांक' हे शब्द रुळलेले आहेत, ते खुशाल वापरा; मात्र 'करण्यात येत आहे'च्या आड कर्ता लपवू नका. फलकावर एवढेच लिहा: 'जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा विभाग मंगळवारी सकाळी पाणी सोडणार नाही. कृपया सोमवारी पाणी भरून ठेवा.'